रेघ आधी, रंग नंतर

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर एखादा शब्द निळा दिसला, की त्याच्यावर बोट टेकवायचे आणि दुसऱ्या पानावर जायचे, हे आता घरातल्या आजीलाही ठाऊक असते. या शब्दाला इंग्रजीत लिंक आणि मराठीत दुवा म्हणतात. सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला अशी कितीतरी कामे आज दुव्यांच्या वाटेने होतात. दुवा ओळखताच आला नाही, तर त्या माणसाचे काम तिथेच अडते. म्हणून दुव्याचा रंग हा नुसत्या सजावटीचा प्रश्न नाही. मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. वाचत, मोजत आणि पाने तपासत जे हाती लागले, ते येथे मांडतो.

निळा आला कुठून?

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबचा पहिला ब्राउझर तयार केला. त्यात दुवा दाखवायला फक्त अधोरेखा होती. लिखाणात अधोरेखेचा वापर फारसा होत नाही, म्हणून ती या कामासाठी मोकळी सापडली, असे स्पष्टीकरण त्यांनी पुढे दिले. निळा रंग रंगीत पडद्यांबरोबर आला. एप्रिल १९९३ मधल्या मोझॅक ब्राउझरच्या आवृत्तीत दुवे निळे आणि अधोरेखित असे दोन्ही दिसू लागले, आणि तीच रीत रूढ झाली. म्हणजे जन्मक्रम पाहिला तर रेघ थोरली, रंग धाकटा. पुढे पान ‘स्वच्छ’ दिसावे म्हणून अनेक संकेतस्थळांनी रेघ काढून टाकली आणि सगळी भिस्त रंगावर टाकली.

आपल्याकडच्या पोथ्या लिहिणाऱ्यांनी ही चूक टाळली होती. ओवीचा आकडा आणि दंड यांवर हिंगूळ किंवा गेरूचा लाल हात फिरवण्याची पद्धत होती. पण दंड हा दंडच असे. लाल उडून गेला, समईच्या उजेडात दिसला नाही, तरी ओवी कुठे संपली ते कळत असे. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासत, तीसुद्धा अक्षर झाकून टाकी. केवळ रंग बदलून थांबत नसे. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. सिग्नलवरही लाल दिवा वर आणि हिरवा खाली असतो. रंग न कळणाऱ्याला जागेवरून कळते.

कोणाला काय दिसते?

लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणे हा बहुधा जन्मजात दोष असतो. त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने तो पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत अर्धा टक्का सांगितले जाते. आशियात ते काहीसे कमी आहे, तरी भरल्या वर्गात असा एखादा मुलगा असण्याची शक्यता बरीच.

याचे उत्तम उदाहरण मराठी विकिपीडियावर मिळते. १ मे २००३ पासून सुरू असलेल्या या ज्ञानकोशात जो लेख आहे त्याचा दुवा निळा आणि जो अजून कोणी लिहिलेला नाही त्याचा लाल. लाल दुवा म्हणजे लिहिण्याचे आमंत्रणच. एका प्रकारच्या रंगांधत्वात मात्र लाल रंग गडद, काळपट दिसतो आणि तो आजूबाजूच्या काळ्या मजकुरात मिसळतो. दुव्याखाली तिथे एरवी रेघ नसते. त्यामुळे ज्याला आमंत्रण द्यायचे त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नाही. सदस्याला आपल्या पसंतीत रेघ चालू करून घेता येते, ही त्यातली चांगली गोष्ट.

दुसरा गट आपणा सर्वांचा आहे. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, निळा प्रकाश कमी आत येतो, आणि गडद निळा व काळा यांतला भेद पुसट होतो. निळी सुई काळ्या दोऱ्यांत शोधणाऱ्या आजोबांना हे वेगळे सांगायला नको.

उजळपणाचा हिशोब

वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम १९९९ मध्ये आणि सुधारून २००८, २०१८ व २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतला हिशोब शाळेच्या वहीत करता येतो. प्रत्येक रंगाला शून्य ते एक असा उजळपणा असतो. त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा अवघा ७. दोन्ही रंगांच्या उजळपणात ०.०५ मिळवायचे आणि मोठ्या संख्येला लहानीने भागायचे. काळ्यावर पांढरे, हे उत्तर २१ येते. साध्या मजकुरासाठी किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ हवेत.

आता आपले आवडते रंग घालून पाहू. ब्राउझरचा नेहमीचा निळा पांढऱ्यावर ९.४ देतो, म्हणजे उत्तम. भडक लाल ४ वर अडकतो. संकेतस्थळांवर सर्रास वापरली जाणारी केशरी छटा पांढऱ्यावर जेमतेम २.१ भरते, आणि केशरी पट्टीवर पांढरी अक्षरे लिहिली तरी उत्तर तेच. उत्सवी वाटणारी ती पट्टी उन्हात मोबाइल धरला की कोरी दिसते.

पण खरी मेख पुढे आहे. दुवा परिच्छेदाच्या मधोमध असेल आणि रेघ नसेल, तर दुव्याचा रंग व शेजारच्या मजकुराचा रंग यांतही किमान ३ चे अंतर लागते. नेहमीचा निळा आणि काळा यांत ते भरते २.२. म्हणजे तीस वर्षे नावाजलेला निळासुद्धा रेघेच्या आधाराशिवाय या कसोटीला उतरत नाही.

सोलापूरच्या चार लिप्या

मग रेघ द्या आणि सुटा, असे म्हणता आले असते. पण रेघ रोमन लिपीच्या सोयीची आहे. तिथे ओळीखाली मोजकीच अक्षरे उतरतात. आमच्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच रस्त्यावर नांदतात, आणि चारही लिप्यांचा संसार ओळीखाली पसरलेला आहे. कन्नड-तेलुगूत जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो. उर्दूत ‘बे’ खाली एक नुक्ता आणि ‘पे’ खाली तीन; रेघ त्यांतून गेली की अक्षर कोणते ते चाचपडावे लागते. देवनागरीत शिरोरेषा आधीच वर आहे, आणि खाली उकार. रेघ त्यावर बसली की ‘सुत’ आणि ‘सूत’ सारखेच दिसू लागतात. पोरगा आणि धागा यांतला फरक यंत्रमागांच्या गावाला तरी कळायला हवा. गावाच्या नावातला ‘पू’सुद्धा याच रेघेखाली चिरडला जातो.

यावर उपाय आहे. रेघ अक्षरांपासून किती खाली असावी, किती जाड असावी, आणि मात्रा आडवी आली तर रेघेने तिथे तुटावे की नाही, हे ठरवण्याची सोय आजच्या सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये आहे. मराठी मजकुरासाठी रेघ जरा खाली आणि बारीक ठेवावी, ओळींमधले अंतर थोडे वाढवावे आणि ‘द्रुतगती’, ‘पूर’, ‘कृषी’ असे शब्द घालून छोट्या पडद्यावर पाहावे. रेघ गैरसोयीची म्हणून काढून टाकण्यापेक्षा तिला आपल्या लिपीची चाल शिकवणे बरे.

मेनू आणि पाहून झालेली पाने

पानाच्या माथ्यावरच्या मेनूत प्रत्येक शब्दाखाली रेघ नसली तरी चालते. तिथे जागाच सांगते की हे सारे दुवे आहेत. मात्र ‘आपण आत्ता कोणत्या पानावर आहोत’ हे नुसता रंग पालटून सांगू नये. त्या शब्दाखाली जाड पट्टी द्यावी, अक्षर ठळक करावे आणि पडदावाचक आवाजालाही ‘हे चालू पान’ असे कळेल अशी खूण संहितेत ठेवावी. माउस न वापरता टॅब कळीने पुढे सरकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट असते. दिसायला ओबडधोबड म्हणून ती पुसून टाकणे म्हणजे चालणाऱ्याची काठी काढून घेणे. आणि दुव्याचे शब्द स्वतः बोलके असावेत. अंध वाचक अनेकदा पानावरील दुव्यांची यादी ऐकतो. तिथे दहा वेळा ‘येथे क्लिक करा’ ऐकून त्याच्या हाती काय लागणार?

पाहून झालेला दुवा जांभळा होतो, ती वाचकाची आठवणवही आहे. लांबलचक यादीत शासन निर्णय शोधणाऱ्याला तिचा मोठा आधार. ती बंद करू नये. येथे मात्र एक अडचण आहे. कोणी कोणती पाने पाहिली हे संकेतस्थळांना चोरून कळू नये म्हणून ब्राउझरनी २०१० च्या सुमारास पाहिलेल्या दुव्याचे रूप फक्त रंगापुरते बदलू द्यायचे ठरवले. खाजगीपणासाठी ते योग्यच आहे. म्हणून हे दोन रंग तरी उजळपणात एकमेकांपासून पुरेसे दूर निवडावेत.

कायद्याची बाजू

शासकीय संकेतस्थळांसाठी भारताची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. २०१८ आणि २०२३ मध्ये ती सुधारली गेली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने रंगांधत्वामुळे संकलनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारलेल्या विद्यार्थ्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये निर्णय दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीचे न ठेवता बंधनकारक करण्यास सांगितले, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला.

नियम वरून आले, तरी पान रचणारा हात आपल्याच गावातला असतो. शाळेचे, ग्रंथालयाचे, पतसंस्थेचे संकेतस्थळ कोणी तरी ओळखीचाच मुलगा करून देतो. त्याला एवढेच सांगावे, की पानाचे चित्र घेऊन ते कृष्णधवल करून पाहा. त्यात दुवे ओळखू आले तर मग हवा तो रंग भर.