गारपीट बागेवर, खाडा मजुरावर

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या शेंदूरजनाघाटचे नाव विदर्भात दोन गोष्टींसाठी घेतले जाते : संत्र्याच्या बागा आणि संत्र्याच्या कलमांच्या पन्हेऱ्या. वरुड तालुक्याला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतात, त्या कौतुकात या गावाचा वाटा मोठा आहे. परंतु या कौतुकात बाग येते, बागायतदार येतो, व्यापारीही येतो. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरणारे, झाडाभोवती आळे करणारे आणि फळ तोडून क्रेटमध्ये भरणारे हात मात्र सहसा येत नाहीत. चांगल्या हंगामात ही विस्मृती खपून जाते. आपत्तीच्या दिवसांत मात्र ती अन्यायाचे रूप घेते.

संत्र्याचे बहार दोन. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि त्याचे फळ हिवाळ्याच्या तोंडाशी तोडणीस येते. मृग बहार पावसाळ्याच्या प्रारंभी फुलतो आणि त्याचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरते. म्हणजे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात एका बागेत तयार फळ लटकलेले असते, तर शेजारच्या बागेत नवा फुलोरा असतो. नेमकी हीच वेळ गारपीट साधते. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील बहुतेक जिल्ह्यांना तिने झोडपले. २०१८ च्या फेब्रुवारीत ती पुन्हा विदर्भ-मराठवाड्यावर उतरली. अर्ध्या तासाच्या गारांनी एका बागेतील विकाऊ माल मातीत जातो आणि दुसरीतील येत्या हंगामाचा माल फुलातच झडतो.

बागायतदाराचे हे नुकसान डोळ्यांना दिसते. त्याची छायाचित्रे छापून येतात, पुढारी बांधावर जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच अर्ध्या तासात दुसरेही काही बुडालेले असते. तोडणीच्या टोळीला मिळणारे महिना-दीड महिन्याचे काम बुडते. क्रेट भरणारी बाई, गाडी लादणारा हमाल, बागेचा राखणदार, सारेच एका दिवसात रिकामे होतात. वर्धा नदीच्या ३० जुलै १९९१ च्या पुराने मोवाडमध्ये दोनशेहून अधिक बळी घेतले; तो प्रलय या परिसराच्या स्मृतीत कायमचा कोरला गेला आहे. गारपिटीनंतरची मजुराची उपासमार तशी कोरली जात नाही. ती कोणाच्या घरावर कोसळत नाही. चुलीत हळूहळू विझत जाते.

सालदाराची गोष्ट आणखी वेगळी. वऱ्हाडात सालदाराचे साल गुढीपाडव्याला ठरते. गारपीट येते ती पाडव्याच्या काही आठवडे आधी. त्या वेळी मालकाने एवढेच म्हणावे की, 'यंदा गडी ठेवणे झेपणार नाही.' त्याला नोटीस लागत नाही की कारण लागत नाही. साल संपलेले असते, इतकेच. वर्षभरात घेतलेली उचल मात्र संपलेली नसते. शिवाय वादळापावसात जे दिवस काम होऊ शकले नाही, ते खाडे म्हणून मांडायचे की नाही, हे सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर राहते. काही मालक ते मांडत नाहीत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. परंतु जे हक्काने मिळावयास हवे ते मर्जीने मिळत असेल, तर घेणाऱ्याची मान खालीच राहते.

येथे बागायतदाराला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते सत्याला धरून होणार नाही. पाच-सहा एकरांच्या बागेचा धनी हा कारखानदार नव्हे. २०१९ च्या उन्हाळ्यात भूजल आटल्याने वरुड-मोर्शी भागातील संत्र्याच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, तेव्हा त्याने टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगविण्याची धडपड केली. नवे कलम लावले तर फळ हाती येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. झाडावरच बाग विकत घेणारा व्यापारी इसार देऊन जातो आणि गारपीट होताच भाव पाडतो किंवा सौद्यातून अंग काढून घेतो. अशा रीतीने नुकसान वरून खाली घरंगळत येते. व्यापारी ते बागायतदारावर टाकतो, बागायतदार मजुरावर टाकतो. मजुरापाशी पुढे ढकलण्यासारखे कोणी उरत नाही. उरतात ती घरातली मुले, आणि मग शाळेतला एखादा बाक रिकामा होतो. शिक्षकांना तो बाक ओळखीचा असेल.

नुकसान वाटून घेण्याची जी व्यवस्था आपण उभारली आहे, ती मालकीच्या कागदावर उभी आहे. पिकाचा पंचनामा गट क्रमांकावर चालतो. सातबारा ज्याच्या नावे, नुकसान त्याचे. २०१४ च्या गारपिटीनंतर राज्य शासनाने फळबागांसाठी हेक्टरी २५,००० रुपयांची मदत जाहीर केली. फळपीक विम्यातही संत्र्याचा समावेश झाला. या रकमा अपुऱ्या होत्या, उशिरा पोचल्या, ही तक्रार खरी असेल. तथापि त्या कोणाच्या नावे निघाल्या, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. उपजीविका गंभीररीत्या बाधित झालेल्या कुटुंबांना तात्पुरते निर्वाहसाह्य देण्याची तरतूद आपत्ती निधीच्या निकषांत आहे. परंतु कोणाचे किती रोज बुडाले याची नोंदच झाली नाही, तर बाधित कोण हे ठरणार कसे? मेलेल्या बैलाचा पंचनामा होतो. बैल हाकणाऱ्याच्या बुडालेल्या रोजाचा होत नाही.

नैसर्गिक आपत्तीने काम बंद पडले तरी कामगाराला काही मिळाले पाहिजे, हे तत्त्व आपल्या कायद्याला अपरिचित नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या काळासाठी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्म्याइतकी भरपाई सांगितली होती, आणि १९८४ मध्ये ले-ऑफच्या व्याख्येत नैसर्गिक आपत्तीचाही स्पष्ट समावेश झाला. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आली. तिनेही हे तत्त्व राखले. मात्र ते आहे कारखाने, खाणी आणि चहा-कॉफी-रबरासारखे मळे यांच्यासाठी, पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. हंगामी आस्थापना त्यातून वगळलेल्या. चहाचा मळा त्यात बसतो, संत्र्याची बाग बसत नाही. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो, छत्री मात्र एकीकडेच उघडते.

वास्तविक या प्रश्नाचे निदान फार जुने आहे. १८८० सालच्या दुष्काळ आयोगाने नमूद केले होते की, दुष्काळात प्रथम भरडला जातो तो शेतमजूर आणि कारागीर; कारण त्याचे काम थांबते आणि कामाबरोबर धान्य विकत घेण्याची ताकद जाते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने हा धडा प्रत्यक्ष गिरविला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी राज्यभर पसरली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिला कायद्याचे बळ मिळाले. मालक काम देऊ शकत नसेल तर समाज देईल, असा तो करार होता. शिक्षक आणि कारकून यांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ साली सुरू झाला, तो याच योजनेचा खर्च भागविण्यासाठी. तेव्हा शेंदूरजनाघाटच्या मजुराचा बुडालेला रोज हा पगारदार वाचकाचा विषय नाही, असे म्हणता येणार नाही. त्या हमीची वर्गणी त्याने भरली आहे.

पुढे १९९० पासून राज्यात रोजगार हमीच्या पैशातून खासगी शेतांवर फळबागा लावण्यास आरंभ झाला. मजुराच्या नावाने आलेला सार्वजनिक पैसा मालकाच्या बागेत झाड होऊन उभा राहिला. त्यात गैर काही नव्हते. परंतु बाग लावताना मजूर आणि मालक यांची जी सांगड शासनाने घातली, ती बाग मोडताना सुटावी कशासाठी?

ज्या कॅलिफोर्नियाचे नाव आपण अभिमानाने मिरवतो, तेथील अनुभवही पाहण्यासारखा आहे. २००७ च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीने तेथील संत्री-लिंबे झाडावरच गोठली आणि तोडणी व पॅकिंग करणारे हजारो मजूर बेकार झाले. अमेरिकेच्या आपत्ती-साह्य कायद्यात, आपत्तीमुळे ज्याचे काम गेले त्याला ठरावीक काळ बेकारी भत्ता देण्याची सोय आहे. मार्चमध्ये आपत्ती घोषित झाल्यावर ती लागू झाली. कामाची कायदेशीर परवानगी नसलेल्या स्थलांतरितांना तिचा लाभ मिळत नाही, हे तिचे मोठे वैगुण्य. तरीही बुडालेले फळ आणि बुडालेला रोज ही दोन वेगळी नुकसाने आहेत, एवढे तरी तेथे मान्य झाले आहे.

आपल्याकडे काय करता येईल? पहिली गोष्ट गावातच होण्यासारखी आहे. पाडव्याला साल ठरविताना दोन वाक्ये वाढवावीत : आपत्तीने काम थांबलेले दिवस खाडे धरले जाणार नाहीत, आणि आपत्तीच्या वर्षी उचल फेडण्यास पुढील सालापर्यंत मुदत राहील. दुसरी गोष्ट तलाठ्याच्या कागदावरची. बागेचा पंचनामा करतानाच त्या बागेवर कोण सालदार होता आणि तोडणीची कोणती टोळी ठरली होती, ते लिहून घ्यावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गारपिटीनंतर बागेत काम संपत नाही, उलट वाढते. मोडलेल्या फांद्या छाटाव्या लागतात, जखमांवर बोर्डो मलम लावावे लागते, सडलेली फळे उचलावी लागतात. काम आहे, करणारे हात आहेत; नाही ती मालकाच्या गाठीशी मजुरी. या कामाची मजुरी पहिल्या महिन्यापुरती सार्वजनिक रोजगाराच्या निधीतून दिली, तर त्याच पैशात झाडही वाचेल आणि मजूरही गाव सोडणार नाही.

यावर आक्षेप येईल की, खोट्या नावांची भरती होईल. होईलही. परंतु खोट्या नोंदींच्या भीतीने आपण सातबारावरचे पंचनामे कधी थांबविले नाहीत. ती भीती नेमकी मजुराच्या वेळीच का आठवावी?

गारपीट कोणाच्या हातची नाही. तिने पाडलेले फळ कोणी परत झाडाला लावू शकत नाही. पण नुकसान झाल्यावर ते कोणाच्या खांद्यावर ठेवायचे, हे आभाळ ठरवीत नाही. ते आपण ठरवितो, दर वर्षी, पाडव्याच्या बैठकीत आणि पंचनाम्याच्या कागदावर. पुढील पाडव्याला ते थोडे निराळे ठरविता आले, तर बाग पुन्हा फुलेल तेव्हा तिच्या आळ्यात उभा राहणारा माणूसही गावातच असेल.