वैद्याचा धर्म आणि मागितलेले मरण

असाध्य रोगाने गांजलेला मनुष्य "आता मला सोडवा" म्हणून हात जोडतो, तेव्हा डॉक्टरांनी काय करावे? उत्तर शोधण्यापूर्वी तीन गोष्टी निरनिराळ्या केल्या पाहिजेत. निष्फळ उपचार थांबवून रोगाला त्याच्या गतीने जाऊ देणे ही पहिली. रोग्याने स्वतः घ्यावयाचे प्राणघातक औषध लिहून देणे ही दुसरी. डॉक्टरांनी स्वहस्ते ते टोचणे ही तिसरी. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात १९९७ पासून दुसरीस कायद्याची संमती आहे. नेदरलंड्समध्ये २००२ पासून दुसरीस व तिसरीसही. आपल्याकडे फक्त पहिलीस, तीही अटींवर.

डॉक्टरांत एकमत नाही. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रीक शपथेत, कोणी मागितले तरी मारक औषध देणार नाही, असे वचन आहे. जागतिक वैद्यक संघटनेने २०१९ साली हाच विरोध पुन्हा नोंदविला. उपचार नाकारण्याचा रोग्याचा हक्क मात्र मानला. उलट ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने २०२१ साली विरोध सोडून तटस्थता पत्करली. एक पक्ष म्हणतो, जो हात बरे करतो तोच मारू लागला, तर रोग्याने विश्वास कोणावर ठेवावा? दुसरा विचारतो, नुसता श्वास लांबविणे म्हणजेच का सेवा?

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत तेथेच अंथरुणास खिळून होत्या. त्यांचा आहार थांबविण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळली. त्यांना वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या रुग्णालयाच्या मताला न्यायालयाने महत्त्व दिले. त्याच निकालाने उपचार थांबविण्याची वाटही उघडली, आणि २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य झाला.

आमच्या मते खरी मेख आणखी एका ठिकाणी आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे वेदना शमविणारे मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. २०१४ च्या दुरुस्तीने ते काहीसे सुलभ झाले. ज्याची वेदना शमविली नाही, त्याची मरणाची मागणी त्याची की वेदनेची, हे ठरवावे कसे? आधी वेदना दूर करावी, मग इच्छा विचारावी, हा क्रम आम्हांस न्याय्य वाटतो.

आणि ती इच्छा शुद्धीत असतानाच सांगावी. २०२३ पासून दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर असे इच्छापत्र करता येते. घरच्यांशी त्याविषयी मोकळेपणाने बोलणे अशुभ नव्हे. तो त्यांच्यावरील भार हलका करणे होय.