परवडणारी स्पोर्ट्स कार (९) : सुधारली तेव्हा गिऱ्हाईक निघून गेलं होतं

या आठवड्यात डॅटसन २४०झेडवर लिहायचं कबूल केलं होतं. पण झेडला एक आठवडा थांबावं लागेल. मागच्या भागातला तो उतरता आलेख पाहून ठाण्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे : ‘‘स्पोर्ट्स कारचा खप पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर उतरणीला लागतो, हे पटलं. पण कंपनीने मधल्या काळात तक्रारी ऐकून गाडी सुधारली, तर तो पुन्हा चढत नाही का?’’

प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे. तो वाचल्याबरोबर मला पाँटिअ‍ॅक फिएरो आठवली, आणि फिएरो आठवली की मला दोन परिच्छेदांत थांबता येत नाही.

आधी तिचे आकडे बघा. हे उत्पादनाचे आकडे आहेत, मॉडेल वर्षांप्रमाणे. १९८४ मध्ये १ लाख ३६ हजार ८४०. १९८५ मध्ये ७६ हजार ३७१. १९८६ मध्ये जरा वर, ८३ हजार ९७४. १९८७ मध्ये ४६ हजार ५८१ आणि १९८८ मध्ये जेमतेम २६ हजार ४००. पाच वर्षांत ३ लाख ७० हजार गाड्या, आणि त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त पहिल्याच वर्षी. यातली सगळ्यात चांगली गाडी कोणत्या वर्षाची? शेवटच्या. सगळ्यात कच्ची? पहिल्या वर्षाची, म्हणजे जी सगळ्यात जास्त खपली ती.

असं का झालं, हे कळायला गाडीच्या जन्माकडे जावं लागतं. जनरल मोटर्सच्या घरात दोन सीटांची कॉर्व्हेट आधीच नांदत होती. तिला घरातच सवत आणायला वरिष्ठांची तयारी नव्हती. म्हणून हुल्की अल्डिकाक्ती या अभियंत्याने आपला प्रस्ताव मांडला तो कामावर ये-जा करण्याच्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या छोट्या गाडीचा. मंजुरी मिळाली, पण हात आखडता ठेवून. नवं सस्पेन्शन बनवायला पैसे नव्हते. मग पुढचं सस्पेन्शन आलं शेव्हेट या स्वस्त गाडीचं. मागे तर कमालच केली. सायटेशन ही पुढच्या चाकांवर चालणारी कौटुंबिक गाडी. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन असं पुढचं सगळं बिऱ्हाड उचलून फिएरोच्या सीटांमागे बसवलं. आता त्या चाकांना वळायचं नव्हतं, पण त्यांना वळवणारे दांडे तर होते. ते चौकटीला पक्के आवळून टाकले. खड्ड्यातून जाताना चाक वर-खाली झालं की हे दांडे त्याला किंचित तिरपं ओढत, आणि वळणावर गाडीचं मागचं अंग आपल्याच मनाने दिशा बदलतंय असं वाटे. इंजिन २.५ लिटरचं, ९२ अश्वशक्तीचं. गाडी दणकट, पण धावपटू नव्हे.

बॉडीच्या बाबतीत मात्र फिएरो काळाच्या पुढे होती. पोलादी सांगाडा एका अवाढव्य यंत्रात पकडायचा आणि त्यावरच्या ३९ जागा एकाच दमात घासून, भोकं पाडून अचूक मापात आणायच्या. मग प्लॅस्टिकची पॅनल्स त्यावर बोल्टने लावायची. सांगाडा थोडा वेडावाकडा असला तरी पॅनल्स जिथल्या तिथे बसत. शिवाय बाहेरचं रूप बदलायचं तर सांगाड्याला हात लावायची गरज नाही. मला ही कल्पना आजही अप्रतिम वाटते.

गाडी बाजारात आली ती ७,९९९ डॉलर या मूळ किमतीला. सीटांच्या मागे इंजिन, इटालियन गाड्यांची आठवण करून देणारा चेहरा, आणि किंमत साध्या गाडीची. त्याच वर्षी इंडियानापोलिस ५०० शर्यतीत आघाडीची पेस कार म्हणून ती धावली. गिऱ्हाइकांची रांग लागली. या रांगेत पुष्कळसे असे होते, जे अशा गाडीची वर्षानुवर्षं वाट बघत होते. आपल्याकडे दिवाळी अंकाचं जसं असतं तसंच हे : ज्यांना घ्यायचा ते पहिल्या पंधरवड्यात घेतात, पुढे मुद्रणदोष सुधारून दुसरी आवृत्ती काढली म्हणून त्याच घरात दुसरा अंक जात नाही.

मग एकेक बातम्या येऊ लागल्या. तेल कमी झालं की १९८४ च्या इंजिनांतला कनेक्टिंग रॉड तुटायचा, ब्लॉकला भोक पाडायचा, आणि तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडून पेट घ्यायचं. १९८४ च्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. १९८५ मध्ये टोयोटाची एमआर२ अमेरिकेत आली. तीही सीटांमागे इंजिन असलेली, पण चालवायला कितीतरी चपळ. दोन सीटांच्या गाड्यांचा विमाही त्याच सुमारास महागला. विशी-पंचविशीतल्या गिऱ्हाइकाला हप्त्याइतकाच विमाही जड जाऊ लागला.

पाँटिअ‍ॅकचे अभियंते मात्र हरले नव्हते. १९८५ मध्ये २.८ लिटरचं व्ही६ इंजिन आलं. १९८६ च्या मध्यावर मागून उतरत्या छपराची नवी जीटी आली, आणि त्या वर्षी आकडा वर गेला. हा बारकावा लक्षात ठेवा. संपूर्ण आलेखात खप चढला तो एकदाच, नवं रूप समोर आलं त्या वर्षी.

आणि १९८८ मध्ये ते सस्पेन्शन अखेर आलं, खास फिएरोसाठी बनवलेलं. पुढचं नवं, मागचं नवं, चारही चाकांना हवा खेळती ठेवणाऱ्या डिस्क. स्टिअरिंग हलकं झालं, मागचं अंग शिस्तीत आलं. १९८३ मध्येच जी बनायला हवी होती ती गाडी आता कुठे बनली. त्या वर्षाच्या १ मार्चला कंपनीने फिएरो बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि १६ ऑगस्टला शेवटची गाडी कारखान्याबाहेर पडली. त्या कारखान्यात दुसरं काहीच बनत नव्हतं. फिएरो गेली, तसा तोही गेला.

वाचक म्हणतील, ही बदनाम गाडी होती, तिचं उदाहरण कशाला? ठीक आहे, मग नावाजलेल्या गाड्या घेऊ.

माझदा एमएक्स-५ ची चौथी पिढी. तक्रारी दोनच : इंजिनात थोडा जोर हवा, आणि स्टिअरिंग पुढे-मागे सरकत नसल्याने उंच माणसाचे हाल होतात. २०१९ च्या मॉडेलमध्ये माझदाने दोन्ही दूर केल्या. १५५ अश्वशक्ती १८१ वर गेली, स्टिअरिंग सरकू लागलं. गाडी चालवणाऱ्याने एकदा चालवली की फरक कळावा, इतकं ते काम सुरेख. अमेरिकेतली विक्री? २०१८ मध्ये जवळपास ९ हजार, २०१९ मध्ये पावणेआठ हजारांच्या आसपास. म्हणजे खाली. उलट २०२१ मध्ये, गाडीत नाव घेण्याजोगा बदल नसताना, ती साडेदहा हजारांवर गेली. कोविडच्या त्या काळात घरी बसलेल्या माणसांना उघड्या छताची गाडी हवीशी वाटली, हे त्यामागचं कारण मला दिसतं.

टोयोटा ८६ तर आणखी बोलकी. सायन एफआर-एस या नावाने अमेरिकेत आली आणि २०१३ मध्ये १८ हजारांवर खपली. २०१५ पर्यंत साडेदहा हजार. सायन हे नावच टोयोटाने बंद केलं. २०१७ च्या मॉडेलला टोयोटाचा बिल्ला, पाच अश्वशक्ती जास्त, डिफरन्शियलचा गिअर बदललेला, सस्पेन्शन नव्याने जुळवलेलं. विक्री सात हजारांच्या आत, पुढच्या वर्षी चार हजार, आणि २०२० मध्ये अडीच हजारांच्याही खाली. मग २.४ लिटरचं इंजिन आणि नवी बॉडी घेऊन जीआर८६ आली आणि २०२२ मध्ये आकडा पुन्हा बारा हजारांच्या घरात. इंजिनाची जुनी तक्रारही दूर झाली होती, हे खरं. पण माझ्या मते शोरूममध्ये माणसं आणली ती नव्या गाडीच्या बातमीने. इंजिनाने फक्त त्यांना परत जाऊ दिलं नाही.

म्हणून त्या वाचकांना माझं उत्तर असं : कौटुंबिक गाडीला गिऱ्हाईक रोज नव्याने मिळतं, कारण कुणाची जुनी गाडी रोज मोडते. तिथे सुधारणेचे पैसे वसूल होतात. स्पोर्ट्स कारचं गिऱ्हाईक मोजकं असतं आणि ते पहिल्या दोन वर्षांत येऊन जातं. पत्र्याखालची सुधारणा त्याला दिसतही नाही. ज्या कंपन्यांना हे कळतं, त्या सस्पेन्शनवरचा खर्च पहिल्याच वर्षी करतात. जनरल मोटर्सने तो पाचव्या वर्षी केला, आणि त्याची किंमत एका चांगल्या गाडीला मोजावी लागली. याबद्दल मला आजही मनापासून वाईट वाटतं.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि जुन्या गाड्यांची हौस असलेल्या वाचकांनी एक मात्र करावं. फिएरो घ्यायची असेल तर १९८८ चीच बघावी. सस्पेन्शन बदललेलं आहे की नाही ते गाडीखाली वाकून स्वतः पाहावं, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये.

पुढच्या आठवड्यात झेड, नक्की. तिचा आलेख सुरुवातीची वर्षं वर-वरच जात राहिला. या आठवड्याच्या नियमाला अपवाद असलेली गाडी आहे ती.