खोक्यातला वसंत

वसंत आला की चीनमध्ये शाळांच्या फाटकाबाहेर पुठ्ठ्याच्या खोक्यांत जिवंत माल येतो. गुलाबी-हिरवी रंगवलेली कोंबडीची पिल्लं, बेडूकमासे, रेशमाचे किडे. पिल्लं बहुतेक नर. अंडी देणार नाहीत म्हणून उबवणी केंद्रांना नकोशी, म्हणूनच मातीमोल. उबेवाचून ती फार दिवस काढत नाहीत. किड्यांचं त्या मानाने बरं: तुतीचा पाला मिळाला की चार वेळा कात टाकून महिनाभरात कोश. पाल्यासाठी वणवण मात्र आईबापांची!

२०११ मध्ये बीजिंगमध्ये कहर झाला. रंगीत पाण्याच्या बंद प्लास्टिक पाकिटात जिवंत मासा किंवा कासवाचं पिल्लू, आणि त्याची किचेन. लाल कानांची ही कासवं मूळची अमेरिकेतली. ताटलीएवढी झाली की लोक ती तळ्यात सोडतात, आणि तिथल्या देशी कासवांच्या तोंडचा घास जातो.