एक रांजण तुमच्या आळीचाही

वैशाखात एस.टी.नं प्रवास करायचा म्हणजे काय, ते मैत्रिणींनो, तुम्हांला मी वेगळं सांगायला नको. गेल्या उन्हाळ्यात नातीला घेऊन मी कल्याणहून मुरबाडला आणि तिथून सरळगाव-किन्हवलीवरून शहापूरला धाकट्या बहिणीकडे गेले. घरून भरून घेतलेलं पाणी मुरबाड यायच्या आतच संपलं. पुढे एका थांब्यावर पाणपोई दिसली. झावळ्यांचा मांडव, ओलं लाल फडकं गुंडाळलेले दोन रांजण. इतकं बरं वाटलं म्हणता! पण जवळ जाऊन बघते तर झाकणाचा पत्ता नाही, साखळीला बांधलेला एकच पेला जो तो आत बुडवतोय आणि पेल्याच्या काठाला बुळबुळीत थर. नात म्हणाली, "आजी, मला नको हे." मग काय, समोरच्या टपरीवर वीस रुपये मोजून बाटली घेतली. शहापूरला उतरेपर्यंत अशा तीन झाल्या. साठ रुपये नुसत्या पाण्याला!

पैसे गेले त्याचं एवढं नाही वाटलं. पण बाटली घेतली कुठे, ते बघा. तानसा धरण १८९२ सालचं, ते या शहापूर तालुक्यात. भातसाही इथलंच. मुंबईला रोज साडेतीनशे कोटी लिटरहून जास्त पाणी लागतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसेचं. मुरबाडच्या अंगाला बारवी, तिचं पाणी अंबरनाथ-डोंबिवलीकडे जातं. भातसेचं पाणी भांडुप आणि पांजरापूर इथे गाळून, क्लोरीन घालून मुंबईकरांच्या नळाला येतं. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंड्यांची रांग लावून टँकरची वाट बघत बसतात. त्यांना वीस रुपयांची बाटली कशी परवडायची? बाजाराला आल्या की त्या तो बुळबुळीत पेलाच तोंडाला लावतात.

आता बाटलीच का घेतो आपण? बूच फिरवलं की कट्‌ आवाज येतो, म्हणजे कुणी हात घातलेला नाही असा मनाला धीर येतो. पाणपोईला असं बूच नसतं. तिथं तो धीर आपणच द्यायचा असतो.

आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचं दान देतात, पाणपोयाही पुष्कळदा त्याच सुमाराला सुरू होतात. पण जुन्या पाणपोईची एक बाजू आपण बोलत नाही. वरून धार धरायची आणि खाली ओंजळ, यामागे नुसती स्वच्छता नव्हती. कुणाचा हात भांड्याला लागू नये हा विटाळही होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव रावबहादूर बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात मांडला आणि तो १९२३ साली संमतही झाला, तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागलाच. म्हणून माझं म्हणणं, पाणपोईला नळच हवा. ज्याची त्यानं तोटी फिरवावी, आणि वाढणाऱ्याच्या तोंडाकडे कुणाला बघत उभं राहावं लागू नये.

साखळीच्या पेल्याचं दुखणं आपलंच नाही हं. पॅरिसमध्ये रिचर्ड वॉलेस नावाच्या दानशूर गृहस्थानं १८७२ पासून रस्तोरस्ती पाण्याचे सुंदर झरे उभारून दिले. त्यांनाही साखळीला पेले होते. आरोग्याच्या कारणावरून १९५२ साली ते काढून टाकावे लागले. झरे मात्र अजून आहेत.

शहापूरला बहिणीच्या आळीतल्या सात-आठ जणींनी यंदा बाजारच्या रस्त्यावर पाणपोई घातली. मी आपली सल्ला द्यायला होतेच! तोटी बसवलेले दोन रांजण आणले. एक भरलेला, दुसरा घासून उन्हात वाळत घातलेला. रोज आलटून पालटून. सारखा ओला राहिला की रांजणाला आतून शेवाळ धरतं. तोंडावर दुहेरी मलमल आणि वर लाकडी झाकण. तोटीखाली फूटभर जागा सोडली, कारण हल्ली माणसं बाटली घेऊन येतात, ती उभी राहायला हवी. सांडलेलं पाणी चर काढून शेजारच्या कडुनिंबाच्या आळ्यात सोडलं, म्हणजे चिखल नाही आणि डासही नाहीत.

पाणी नळाचंच, पण रोज ताजं. उघड्यावर पाणी राहिलं की त्यातला क्लोरीन उडून जातो, म्हणून कालचं पाणी झाडाला घालायचं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो ना, त्याच्याकडे क्लोरीन तपासायचं औषध असतं. पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो. जलजीवन योजनेखाली तर गावागावातल्या पाच-पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात अशी कुणी असेल तर तिला धरा. तिच्या पेटीत एक छोटी कुपी असते. तीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं तर त्यात मैल्याचा अंश आहे असं समजायचं आणि ते पाणी लगेच बंद करायचं.

सगळ्यात उपयोगी पडली ती एक साधी पाटी. खडूनं रोज लिहायचं: रांजण कुणी घासला, पाणी किती वाजता भरलं. पहिल्या आठवड्यात लोक पाटी वाचून मगच तोटीला हात लावत. चाळीस लिटरचा रांजण म्हणजे दोनशे पेले. तेच बाटल्यांनी घ्यायचं तर आठशे रुपये झाले असते.

खरी अडचण निघाली ती पाळीची. लग्नसराईत दोघी गावाला गेल्या, तिसरीची सासू आजारी पडली, आणि तीन दिवस रांजण कोरडा राहिला. त्या तीन दिवसांत पाटीवर कुणी पोरानं लिहून ठेवलं होतं, "पाणी कुठाय?" बहीण सांगत होती, तिला एवढी लाज कधी वाटली नव्हती. आता आळीतली दोन घरं जादा घेतली आहेत आणि त्यात एका घरचे पुरुषही रांजण घासतात. एक काम तेवढं राहिलंय. तोटी मोठ्यांच्या हाताला आहे, शाळकरी पोरं टाचा उंचावतात. पुढच्या रविवारी विटांची पायरी बांधायची आहे.