तपासणी त्यांची, साक्ष तुमची

‘काही त्रास होतो का?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला साठीतले बरेच पुरुष ‘छे, एकदम ठणठणीत’ असं उत्तर देऊन मोकळे होतात. शेजारी बसलेल्या पत्नीला मात्र माहीत असतं, की दिवाळीपर्यंत गप्पा मारत तीन मजले चढणारे हे गृहस्थ हल्ली पहिल्याच मजल्यावर मोबाइल बघण्याच्या निमित्ताने थांबतात. वर्षाच्या हृदयतपासणीला जोडीदाराने जायचं ते हे सांगायला. फाइल धरायला कुणीही चालतं.

पडून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या, असं नसतं. तो हृदयाची त्या काही सेकंदांचीच विद्युतक्रिया टिपतो. टू-डी इकोत स्नायूंचं आकुंचन आणि झडपांचं काम दिसतं. त्यातल्या ‘ईएफ ६०’ या नोंदीने अनेक घरांत उगाच घबराट होते. हृदय साठ टक्केच चालतं, असा तिचा अर्थ नाही. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी ६० टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, आणि ते चांगलंच आहे. पण रक्तवाहिनीतला अडथळा श्रमाविना या दोन्ही तपासण्यांतून निसटू शकतो. त्याचा पहिला धागा पुष्कळदा लक्षणांतच सापडतो, आणि लक्षणं दिसतात घरात.

म्हणून केबिनमध्ये सोबत जा आणि नेमकं सांगा. ‘कितीही सांगा, यांचा वडापाव सुटत नाही’ ही तक्रार डॉक्टरांनी हजारदा ऐकलेली असते. ‘पंधरा दिवसांपासून जेवून चालायला लागलं की जबडा दुखतो, थांबलं की राहतो’ हे ऐकल्यावर ते पेन उचलतात. रात्री घोरताना मध्येच श्वास अडकतो का, हे तर झोपलेल्या माणसाला कळणारच नाही. झोपेतल्या या अडथळ्याचा उच्च रक्तदाबाशी संबंध आहे. गोळ्यांची यादी करण्यापेक्षा पाकिटंच पिशवीत घालून न्या. कुठलं पाकीट महिनाभर तसंच आहे, तेही दिसतं.

स्ट्रेस टेस्ट असेल, तर सकाळच्या गोळ्यांचं आदल्या दिवशीच विचारून ठेवा. काही गोळ्या नाडीचा वेग रोखतात. २२० वजा वय या आकड्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे साठाव्या वर्षी १३६ पर्यंत, ठोके नेण्याचा प्रयत्न असतो. ते तिथवर पोहोचलेच नाहीत तर निष्कर्ष अर्धवट राहतो. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

रक्तदाब मोजताना सोबत्याचं काम एकच, गप्प बसणं. आधी पाच मिनिटं शांत बसायला हवं, आणि अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू नको. पट्टा बांधलेला असताना घरच्या लग्नाचा विषय काढला, तर आकडा वर जातोच.

हे सगळं पत्नीच्या तपासणीलाही लागू आहे, आणि तिथे पतिराज सहसा गाडीतच बसून राहतात. बायकांमध्ये छातीत दुखण्याबरोबर किंवा त्याविनाही धाप, मळमळ, पाठदुखी, कमालीचा थकवा दिसू शकतो. ती ‘ॲसिडिटी असेल’ म्हणते आणि कामाला लागते. वरच्या खोलीत जाताना ती हल्ली दोनदा थांबते, हे यजमानांनी सांगायला हवं.

छातीत दाब, घाम आणि धाप एकत्र आली, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही. लगेच १०८ ला फोन करा.