बढतीची किंमत

ठाण्याहून बेलापूरकडे जाणारा रस्ता कळवा आणि विटावा मागे टाकून नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत शिरतो, तेव्हा पहिले गाव लागते ते दिघा. पूर्वेस पारसिकची डोंगररांग, पश्चिमेस ठाण्याची खाडी, आणि या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता, रेल्वे, कारखाने, चाळी, झोपड्या आणि अलीकडच्या काचेच्या इमारती अशा दाटीने बसल्या आहेत, की एका पिढीचा उद्योग कोठे संपतो आणि दुसरीचा कोठे सुरू होतो हे परक्याला सहसा उमगू नये. इलठणपाड्याजवळ ब्रिटिश अमदानीत रेल्वेसाठी बांधलेले धरण अजून उभे आहे. सरकारी महामंडळांच्या जमिनींवर उठलेल्या ९९ बेकायदा इमारतींचा प्रश्न २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पाडकामाच्या हुकमाने दिघ्याचे नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. आणि दिघा गाव हे रेल्वे स्थानक, बांधून तयार असूनही उद्घाटनाच्या मुहूर्तावाचून दीर्घकाळ रिकामे राहून, अखेर १२ जानेवारी २०२४ रोजी, अटल सेतूच्याच दिवशी, एकदाचे खुले झाले. गळ्यात ओळखपत्राची फीत आणि पाठीवर लॅपटॉपची पिशवी बाळगणारा जो नोकरदारवर्ग ठाणे-वाशी मार्गाच्या गाड्यांतून या परिसरात सकाळी उतरतो, त्याच्या नोकरीची रीत काय, त्याची बढती कोणत्या नियमाने होते आणि त्या बढतीची किंमत तो कशाने चुकती करतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली अस्तित्वात आले आणि खाडीपलीकडच्या या पट्ट्यात, ज्याला सरकारी दफ्तरात ट्रान्स ठाणे क्रीक आणि लोकांच्या तोंडी नुसते टीटीसी म्हणतात, कारखान्यांचे भूखंड पडू लागले. दिघे-कळवे येथे मुकुंदचा पोलादाचा कारखाना, रस्त्याला लागून सीमेन्स आणि भारत बिजली, पुढे दक्षिणेस नोसिलसारखे रासायनिक प्रकल्प, असा तो पसारा होता. या कारखान्यांतले जीवन गोड होते असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. धूर होता, अपघात होते, कंत्राटी मजुरांची पिळवणूक होती, संप आणि टाळेबंदी होती. तथापि तेथे एक शिरस्ता होता, आणि तो कागदावर लिहिलेला होता. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार जादा वेळेच्या कामाला दुप्पट दराने मोबदला मिळे, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार आयटीआयमधला मुलगा यंत्रावर हात बसवी, आणि टूलरूममधला कसबी फिटर, फोरमन होण्याची इच्छा नसल्यास, निवृत्त होईपर्यंत फिटर राहू शके. त्याचा हुद्दा वाढला नाही तरी त्याचा दर्जा वाढत असे, आणि अवघड काम अडले म्हणजे साहेब स्वतः त्याच्या बाकापाशी येऊन उभा राही.

नव्या उद्योगाने या पट्ट्यात पाय रोवला तो ऐरोली नॉलेज पार्कच्या रूपाने. महामंडळाच्या भूखंडांच्या क्रमांकांमागे ‘आयटी’ ही अक्षरे लागली. माहिती तंत्रज्ञानाच्या इमारतींना वाढीव चटईक्षेत्र देण्याचे राज्याचे धोरण, २००४ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली ठाणे-तुर्भे मार्गावरील प्रवासी वाहतूक, आणि २००५ चा विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा, या तिहींच्या संयोगाने माइंडस्पेस आणि गिगाप्लेक्स ही संकुले उभी राहिली. नॉलेज पार्कमधल्या जुन्या रहिवाशांपैकी एक पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स. आणि या कंपनीच्या वंशावळीत भारतीय सॉफ्टवेअरचा निम्मा इतिहास सामावला आहे. नरेंद्र पटनी यांच्या या कंपनीत सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख असलेले नारायण मूर्ती १९८१ साली सहा सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि पुण्यात इन्फोसिसची नोंदणी झाली. पटनी २०११ साली आयगेटने घेतली, आयगेट २०१५ साली फ्रान्सच्या कॅपजेमिनीने घेतली. म्हणजे २००८ साली पटनीत रुजू झालेला तरुण, खुर्ची न सोडता, सात वर्षांत तीन धन्यांचा चाकर झाला. कारखान्याचा धनी असा बदलला असता तर गेटसभा झाली असती. येथे ईमेलचा पत्ता बदलला.

हे शांतपणे का घडते, याचे उत्तर स्वभावात शोधण्यापेक्षा हिशेबात शोधावे हे बरे. परदेशी गिऱ्हाइकाला भारतीय सेवा कंपनी जे विकते ते बहुतांशी तयार वस्तू नसते. ती माणसांचे तास विकते. करारपत्रात इतके अभियंते, इतके महिने, ताशी इतके डॉलर, असे लिहिलेले असते, आणि ज्या अभियंत्याचे तास विकले जातात तो ‘बिलेबल’, ज्याचे विकले जात नाहीत तो ‘बेंचवर’. मनुष्यमास हे कामाचे माप म्हणून किती फसवे आहे, हे आयबीएमच्या एका महाकाय प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच पुस्तक लिहून सांगितले होते. उशीर झालेल्या प्रकल्पात आणखी माणसे घातली तर तो आणखी लांबतो, हा त्यांचा सिद्धांत संगणकशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी परीक्षेत लिहितो आणि नोकरीत विसरतो. विसरतो म्हणण्यापेक्षा त्याला विसरावे लागते, कारण ज्या मापाला ब्रुक्स यांनी भ्रम ठरवले, त्याच मापावर या उद्योगाचे चलान फाटते.

तास विकायचे म्हटल्यावर नफा दोन वाटांनी वाढतो: तास अधिक विकावेत, किंवा ते स्वस्तात विकत घ्यावेत. पहिल्या वाटेचे तत्त्वज्ञान आपण ऐकलेच आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सांगितले, आणि २०२५ च्या आरंभी लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष ९० तासांपर्यंत गेले. ज्या राज्यात हे उद्योग नांदतात त्या महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा तेव्हा दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगत होता, हे त्या चर्चेत फारसे कोणाला आठवले नाही. दुसरी वाट अधिक शांत आणि म्हणून अधिक परिणामकारक आहे. तिला कंपन्यांच्या भाषेत पिरॅमिड म्हणतात. तळाशी नुकतेच पास झालेले फ्रेशर भरपूर असावेत, मध्ये त्यांच्याकडून काम करवून घेणारे टीम लीड असावेत, आणि माथ्यावर गिऱ्हाइकाशी बोलणारे थोडे. फ्रेशरचा वार्षिक पगार दीड दशकाहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपास घोटाळत राहिला आहे, आणि २०२४ साली कॉग्निझंटने अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांना २ लाख ५२ हजार देऊ केले तेव्हा समाजमाध्यमांवर चार दिवस उपहास झाला.

या पिरॅमिडात आठ-दहा वर्षांचा उत्तम प्रोग्रामर ही एक अडचण होऊन बसते. त्याची किंमत वाढलेली असते, परंतु त्याच्या तासाचा दर गिऱ्हाइकाकडून त्या प्रमाणात वाढवून मिळत नाही. तो चार जणांचे काम एकटा करीत असला, तर चौघांची बिले बुडतात, हे त्याहून वाईट. मग अप्रेझलच्या बैठकीत त्याला सांगितले जाते की आता त्याने लोक सांभाळायला हवेत. वयाच्या तिशीत, ज्या वयात सुताराचा हात खऱ्या अर्थाने बसतो, त्या वयात आमच्या अभियंत्याच्या हातातून पटाशी काढून घेतली जाते आणि त्याला हजेरीपट दिला जातो. दिवसभर एक्सेलच्या तक्त्यात कोण बिलेबल, कोण बेंचवर, कोणी पेपर टाकले, त्याच्या जागी कोण, याची जुळवाजुळव. सायंकाळी साडेसहापासून अमेरिकेची सकाळ, म्हणजे कॉलवर कॉल. हे काम हलके नाही, आणि ते नीट करणारी माणसे दुर्मीळही आहेत. पण ते मुकादमाचे काम आहे, आणि ते ज्याला करायचे नाही त्याच्यासाठी दुसरी वाट जवळजवळ नाही. वाट एकच उरते, ‘स्विच मारण्याची’: दोन-तीन वर्षांनी पेपर टाकावेत, ९० दिवसांच्या नोटीस पीरियडची शिक्षा भोगावी, आणि शेजारच्या इमारतीत तेच काम अधिक पगारावर करावे. कंपनीनिष्ठा आटली अशी तक्रार व्यवस्थापक-मंडळी चर्चासत्रांतून करतात; ज्या ठिकाणी राहणाऱ्यापेक्षा सोडून येणाऱ्याला अधिक पगार मिळतो, तेथे निष्ठा कशाच्या बळावर टिकावी हे मात्र त्या चर्चासत्रांत कोणी विचारीत नाही.

कायद्याची गंमत येथे सुरू होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘कामगार’ या संज्ञेत तांत्रिक काम करणाऱ्यास स्पष्टपणे घेतले होते. त्यातून वगळला तो मुख्यत्वे व्यवस्थापन करणारा, आणि ठरावीक पगाराच्या वर देखरेख करणारा. ती मर्यादा दरमहा १० हजार रुपयांची होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८ हजार झाली, भेद मात्र तोच राहिला. याचा अर्थ असा की कोड लिहिणारा अभियंता, त्याचा पगार कितीही असो, कामगार असल्याचा दावा करू शकतो, आणि ज्या दिवशी तो मॅनेजर होतो, त्या दिवशी पगारवाढीच्या पत्राबरोबर तो दावाही जवळजवळ सोडून देतो. बढतीने एकीकडे कसब हिरावले आणि दुसरीकडे कायद्याचे छत्र, आणि त्या प्रसंगी कचेरीत पेढे वाटले जातात! २०१५ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने टीसीएसमधून काढलेल्या एका महिला कर्मचाऱ्याच्या बडतर्फीस अंतरिम स्थगिती दिली, तेव्हा आपण ‘कामगार’ आहोत हाच तिच्या अर्जाचा आधार होता. पुढच्या वर्षी तामिळनाडू सरकारने आयटी कर्मचाऱ्यांना संघटना करता येईल असे स्पष्ट केले. पुण्यात एनआयटीईएससारख्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना कामगार खात्याकडे अर्जफाटे करीत असतात. परंतु या पट्ट्यातल्या संकुलांत संघटनेचा फलक काही दिसत नाही.

इतिहासाचा एक विचित्र फेरा येथे नोंदवण्यासारखा आहे. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाला कडाडून विरोध केला. तो विरोध इतका वाढला की सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. संगणक सरसकट न आणता निवडक ठिकाणी, नियंत्रणाखाली आणावा, असा त्या अहवालाचा रोख होता. म्हणजे ज्या यंत्रावरून या देशातील पांढरपेशांची एक मोठी संघटित चळवळ झाली, त्याच यंत्रावर पोट भरणारा वर्ग पुढे असंघटित राहिला. वडील कारखान्याच्या युनियनचे सभासद, मुलगा संकुलात अभियंता, आणि युनियनचे नाव काढले की मुलाच्या कपाळाला आठी, हे चित्र कळव्यापासून बेलापूरपर्यंत अनेक घरांत आहे.

दिघ्याच्या मूळ रहिवाशांचा या संकुलांशी असलेला संबंध निराळा आहे. जमिनी गेल्या तेव्हा कारखान्याच्या गेटवर प्रकल्पग्रस्ताचा दाखला दाखवून नोकरी मागण्याची वहिवाट होती. ती नेहमी फळे असे नाही, पण मागणीला अर्थ होता, आणि १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला, तेव्हा त्या अर्थाचे मोल नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोलाही कळले. सॉफ्टवेअर कंपनीच्या दारात हा दाखला निरुपयोगी आहे. तेथे दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत ६० टक्के विचारतात. आगरी-कोळी कुटुंबांतली, आणि डोंगरउतारावर वसलेल्या बिगारी-कामगारांची काही मुले ऐरोलीच्या दत्ता मेघे महाविद्यालयासारख्या ठिकाणाहून अभियंते होऊन त्या दारातून आत जातात, यात शंका नाही. पण सुरक्षारक्षक, सफाई, कँटीन आणि कर्मचाऱ्यांना ने-आण करणाऱ्या गाड्या यांवर राबणारी माणसे कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर असतात, आणि रात्रपाळीच्या अभियंत्रीला घरी पोहोचवणाऱ्या चालकाचे तास कोण मोजतो, हा प्रश्न ७० तासांच्या वादात कोणी विचारला नाही.

कारागिराला म्हातारे होऊ देणारी व्यवस्था अशक्य आहे, असे नव्हे. आयबीएमने साठच्या दशकातच ‘फेलो’ हे पद निर्माण करून, माणसे न सांभाळताही सर्वोच्च दर्जा मिळण्याची सोय केली. ब्रुक्स यांनीही व्यवस्थापनाची आणि तंत्राची अशा दोन समान शिड्यांचा पुरस्कार केला आणि पगाराबरोबर खोलीही सारखी द्या असे बजावले. स्वतःचे उत्पादन विकणाऱ्या कंपन्यांत, आणि परदेशी बँकांनी भारतात उघडलेल्या स्वतःच्या केंद्रांत, ‘प्रिन्सिपल इंजिनिअर’ चाळिशी उलटल्यावरही कोड लिहिताना भेटतो, कारण तेथे त्याचे तास कोणाला विकायचे नसतात. सेवा कंपन्यांनीही ‘आर्किटेक्ट’ नावाची शिडी भिंतीला लावून ठेवली आहे. तिच्या पायऱ्या थोड्या आणि वरच्या बऱ्याचशा विक्रीच्या प्रस्तावांत गाडलेल्या.

आणि आता तो पिरॅमिडच डळमळू लागला आहे. टीसीएसने २०२५ च्या जूनपासून कर्मचाऱ्याने वर्षाकाठी किमान २२५ दिवस बिलेबल असावे आणि बेंचवर ३५ दिवसांहून अधिक राहू नये, असा नियम लागू केला. पुढच्याच महिन्यात सहा लाखांहून अधिक नोकरदारांपैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले, आणि ती प्रामुख्याने मधल्या व वरच्या श्रेणींतली असतील असेही सांगितले. तळाचे काम, म्हणजे फ्रेशर ज्यावर हात बसवीत असे ते साधे कोड आणि चाचण्या, कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने करू लागली आहेत. म्हणजे सांभाळायला माणसेच कमी उरतात, आणि ज्याला कंपनीने स्वतःच कोडपासून दूर नेले तो मधला माणूस आज महाग ठरतो. पंचेचाळिशीच्या घरातला, घरकर्जाचे हप्ते भरणारा असा एखादा डिलिव्हरी मॅनेजर दुसरीकडे मुलाखतीला जातो, तेव्हा समोरचा तिशीचा अभियंता त्याच्यापुढे कोरा एडिटर उघडतो आणि नम्रपणे म्हणतो, ‘सर, एक छोटासा प्रोग्राम लिहून दाखवता का?’